उपाशीपोटी घ्यायची नाही

माझ्या सासूबाईंना रक्ताचा कॅन्सर आहे असं सांगितलं, की फोनवरचा माणूस लगेच आवाज लहान करतो. मग विचारतो, "आता कशा आहेत?" तो विचारत असतो त्या वेळी सासूबाई बहुधा काचीगुड्याच्या आमच्या गॅलरीत उभ्या राहून खालच्या भाजीवाल्याशी तेलुगूत भांडत असतात. दोडकी जून आहेत, कोथिंबीर पिवळी पडली आहे, आणि आपल्याला त्याने समजलं आहे तरी काय. मी फोन गॅलरीकडे धरते आणि म्हणते, ऐका तुम्हीच.

मी मूळची पुण्याची. लग्न होऊन हैदराबादला आले आणि मलकपेठच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागले. सासूबाईंचं माहेर निजामाच्या काळच्या हैदराबाद राज्यातलं, मराठवाड्याच्या बाजूचं, शेतकऱ्याचं. लग्नानंतर त्या या शहरात आल्या त्या इथल्याच झाल्या. त्यांच्या मराठीत तेलुगू आणि दखनी अशी मिसळलेली आहे की पहिलं वर्षभर मला त्यांचं अर्धंच कळायचं. त्यांना माझं सगळं कळायचं, पण मी रेडिओवरची बाई बोलल्यासारखी बोलते असं त्यांचं मत होतं. ते अजूनही बदललेलं नाही.

आजार सापडला तो शुगरच्या तपासणीत. जिना चढताना दम लागत होता, अर्ध्या भाकरीत पोट भरत होतं, डाव्या कुशीत जड वाटत होतं. त्या म्हणायच्या गॅस आहे. मग रक्ताचा रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशींचा आकडा बघून लॅबवाल्याला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं, म्हणून त्याने पुन्हा रक्त मागवलं. दुसऱ्यांदाही आकडा तोच आला तेव्हा मला आजाराचं नाव डॉक्टरांच्या आधी कळलं होतं.

हा आजार मी एमएस्सीला शिकले होते. क्रोमोसोम नऊ आणि क्रोमोसोम बावीस, दोघांचेही तुकडे तुटतात आणि एकमेकांच्या जागी जाऊन चिकटतात. त्या चुकीच्या सांध्यातून एक नवं जनुक तयार होतं, आणि ते असं प्रोटीन बनवतं की ज्याला थांबणं माहीत नाही. पेशीला वाढ, वाढ असा हुकूम सुटतच राहतो. आमच्या वेळच्या पुस्तकात या आजाराचा परिच्छेद फार वाईट वाक्यावर संपायचा. त्यानंतर त्या प्रोटीनच्या खाचेत नेमकी बसणारी गोळी निघाली आणि सगळं चित्र पालटलं. आता हीच माणसं वर्षानुवर्षं संसार करतात, नोकऱ्या करतात, नातवंडांना शाळेत सोडतात. हे सगळं मी दरवर्षी वर्गात मोठ्या तोऱ्यात सांगते. तरीही त्या दिवशी बाथरूमचा नळ सोडून मी पोटभर रडले. नवरा बाहेरून विचारत राहिला की तू तर म्हणालीस गोळी आहे, मग रडतेस कशाला. त्याला काय सांगणार?

सासूबाईंना समजावण्याचं काम माझ्याकडे आलं. मी म्हटलं, "आई, आपल्या बिल्डिंगची पाण्याची मोटर आहे ना, तिचं बटन समजा अडकलं. टाकी भरली तरी मोटर चालूच. पाणी जिन्यावरून वाहतंय. तसं झालंय तुमच्या रक्तात."

"मग बटन बंद करायचं की."

"ते बंद होत नाही. पण ही गोळी त्या बटनावर बोट ठेवून बसते. बोट आहे तोवर मोटर बंद. बोट काढलं की चालू."

"म्हंजे रोज?"

"रोज. कायम."

त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "बीपीची बी रोजच खाते की मी. एकीला दोघी." आणि उठून कुकर लावायला गेल्या. मला वाटलं होतं त्यांना धीर द्यावा लागेल, मी त्यासाठी कॉलेजातून सुट्टीही काढली होती.

डॉक्टर बाई आमच्याच वयाच्या, याच शहरातल्या, घरात उर्दू बोलणाऱ्या. त्या सासूबाईंना अम्मा म्हणायच्या आणि अगदी गल्लीतल्या माणसासारखं बोलायच्या, त्यामुळे त्यांची जोडी पहिल्याच भेटीत जमली. त्यांनी ठासून सांगितलं, "गोली रोज लेना अम्मा. मगर खाली पेट नक्को. पेट भर खाना खाके, उपर से बडा गिलास पानी." रिकाम्या पोटी घेतली तर मळमळेल, उलटीही होईल, म्हणून. सासूबाईंनी मान डोलावली. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं की गोळीला कोणी हात लावायचा नाही, मी माझी बघते. दुपारी आम्ही दोघं बाहेर असायचो. त्या एकट्या जेवायच्या आणि जेवण झालं की गोळी घ्यायच्या. नवरा दर महिन्याला नवीन पाकिटं आणून ठेवायचा. त्यात आम्हाला बघण्यासारखं काही उरलंच नाही.

दर तीन महिन्यांनी एक खास तपासणी असते. बिघडलेल्या त्या जनुकाचं रक्तात किती उरलं आहे ते त्यात कळतं. पहिल्या वर्षी आकडा छान उतरत गेला. सासूबाई सगळ्या नात्यागोत्यात फोन करून सांगत की नंबर खाली आला, जणू काही परीक्षाच दिली होती. मग एकदा तो थोडा वर गेला. डॉक्टर म्हणाल्या, होतं कधीकधी, बघू. पुढच्या वेळी तो चांगलाच वर गेला.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला. "गोली छूट तो नई रई ना अम्मा?"

सासूबाईंना राग आला. "जैसा आप बोले वैसाइच खाती मैं."

त्या खोटं बोलत नाहीत हे डॉक्टरांनाही माहीत होतं. मग त्यांनी माझ्याकडे बघून हळूच सांगितलं की आजाराने पळवाट शोधली असेल. गोळी ज्या खाचेत बसते त्या खाचेचाच आकार पेशी बदलून टाकतात, मग गोळीला तिथे जागाच मिळत नाही. तसं झालं आहे का हे बघायला आणखी एक तपासणी पाठवू. झालं असेल तर दुसरी, जास्त जोरकस गोळी द्यावी लागेल. पण सासूबाईंच्या हृदयात आधीच एक स्टेंट आहे आणि ती गोळी हृदयाला त्रास देऊ शकते, हीच काळजी होती.

त्या रिपोर्टची वाट बघण्याचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. कमी माहिती असती तर बरं झालं असतं. उत्क्रांती मीच शिकवते. औषधाला पुरून उरणारी एकच पेशी वाचते, तिचीच पिल्लावळ वाढते, हे मी फळ्यावर बाण काढून काढून शिकवलेलं. आता ते बाण माझ्या घरच्या माणसाच्या अंगात फिरत आहेत असं वाटायचं. पहिली गोळी गेली, तर दुसरी त्यांच्या हृदयाला झेपायला हवी. तीही नाही झेपली, तर त्यांच्या वयाला पुढचे रस्ते फार अरुंद होते. मी चिडचिडी झाले. विद्यार्थ्यांवर ओरडले, नवऱ्यावर ओरडले, एकदा कुकरवरसुद्धा ओरडले. सासूबाई म्हणाल्या, "हल्लू. तो काय ऐकणार हाय का?"

रिपोर्टच्या दिवशी मी त्यांच्यासोबत गेले. रक्ताच्या ओपीडीचा तो मोठा हॉल नेहमीसारखाच भरलेला होता. मला तिथे गेल्यावर दर वेळी एकच गोष्ट जाणवते, की पूर्वी अशा ठिकाणी माणसं गप्प असायची आणि आता हा हॉल बडबडतो. एक जण ऑफिसच्या फोनवर आहे, एक मुलगी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली आहे, कोणी डबा उघडला आहे. आजार आहे, पण तो घेऊन माणसं कामाला निघाली आहेत.

सासूबाईंच्या शेजारी एक तेलुगू बाई बसली होती. तिच्या नवऱ्याला हाच आजार. दोघं बरंच लांबून आले होते. औषधाच्या खिडकीवर त्या दिवशी ही गोळी संपली होती, दोन दिवसांनी या म्हणून सांगितलं होतं. बाई डोळे पुसत होती, कारण परत जाऊन परत यायचं म्हणजे मजुरी बुडणार, आणि थांबायचं तर कुठे थांबायचं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्याची गोळी कुठली, केवढ्या ताकदीची, ते पाकीट डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. मग आपल्या कापडी पिशवीत हात घातला आणि गोळ्यांची पाकिटं काढली. एक नाही, दोन नाही, ओंजळभर. "तीसुको अम्मा, तीसुको," म्हणत त्यांनी ती तिच्या पदरात घातली.

बाई हात जोडून उठून गेली तेव्हा मी विचारलं.

"आई, या कुठल्या?"

"माझ्याच. उरलेल्या."

"उरतात कशा?"

"उपासाच्या." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की एवढी शिकलेली बाई आणि हे विचारते. "उपाशीपोटी घ्यायची नाही म्हणलीय ना डॉक्टरम्मा? मग उपासाला कशी घेणार?"

मला हसावं की रडावं ते कळेना. मी बसल्या जागी त्यांची उलटतपासणी सुरू केली. एकादशीला? नाही घेत. नवरात्रात? नऊ दिवस नाही. संकष्टीला?

"संकष्टीला रात्री चंद्र बघून जेवतो ना आपण, तवा घेते. तेवढी अक्कल हाय मला."

"आणि गुरुवारी?"

"गुरुवार तर कडक हाय. नुसतं दूध. त्या दिवशी कशी घेणार?"

म्हणजे दर आठवड्याला एक दिवस, महिन्याच्या दोन एकादश्या आणि वर नवरात्र, इतके दिवस त्या बटनावर बोटच नव्हतं. आणि हे सगळं डॉक्टरांचा शब्द मोडायचा नाही म्हणून. एकादशीला त्या साबुदाण्याची खिचडी, रताळं, भगर आणि शेंगदाण्याची आमटी इतकं खातात की त्यापुढे माझं रोजचं वरणभाताचं जेवणच उपास वाटावं. पण तो फराळ. फराळाने माणूस उपाशीच राहतो, असा आमच्या घरचा कायदा आहे. माझ्या पुण्याच्या माहेरीही तोच होता, त्यामुळे त्यांच्यावर हसायला मला तोंड नव्हतं.

आत गेलो तेव्हा डॉक्टर कपाळाला आठ्या घालून बसल्या होत्या. रिपोर्ट हातात होता. खाचेत काहीच बदल सापडला नव्हता. मग आकडा का वाढतोय हे त्यांना कळत नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, डोळे मिटले आणि खुर्चीत मागे टेकून हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. म्हणाल्या, "रमजान में हर मरीज को मैं खुद पूछती, रोजा रखते क्या, गोली कब खाते. खुद रोजे रखती मैं. और आप कू पूछना सूझाच नई अम्मा."

मग त्यांनी दुसऱ्या गोळीबद्दल सांगितलं, की आता तिची गरज नाही, ही गोळी अजून चालते, फक्त ती रोज पोटात गेली पाहिजे. ती दुसरी तर उलट उपाशीपोटीच घ्यावी लागते, असंही बोलता बोलता त्यांच्या तोंडून गेलं. सासूबाईंचे कान टवकारले. "मग तीच द्या की. माझ्या उपासाला बरी."

"नक्को अम्मा," डॉक्टर म्हणाल्या, "तुम्हारे दिल पे मेरे कू भरोसा है, उस गोली पे नई. और जो भगवान खिचडी खाने देता, वो एक गोली पे नाराज होता क्या?"

सासूबाईंना हे पटलं. एकादशीला आणि नवरात्रात फराळावर गोळी घ्यायची, हे त्यांनी तिथल्या तिथे कबूल केलं. गुरुवारबद्दल मात्र डॉक्टरांनी दोनदा विचारलं, तर त्या भिंतीकडे बघायला लागल्या.

परतताना रिक्षा सुलतान बाजारात अडकली. पुढे साड्यांच्या दुकानासमोर टेम्पो उलटा लागला होता आणि सगळे एकमेकांना शिकवत होते. मला सुटल्यासारखं वाटत होतं आणि त्याच वेळी रागाने डोकं भणभणत होतं. मी म्हटलं, "आई, तुमच्या बरं होण्यासाठी धरलेला गुरुवारच तुम्हाला बरं होऊ देत नाहीये. सोडा तो."

"माझ्यासाठी नाही धरलेला."

"मग कोणासाठी?"

त्या बाहेर बघत होत्या. "तुझी गाठ निघाली होती ना. तवापासून."

त्यांची गोळी सुरू होऊन वर्ष होत आलं होतं, तेव्हा माझ्या छातीत एक गाठ लागली होती. तपासली, साधी निघाली, आणि आठवडाभरात मी ती विसरूनही गेले. त्या आठवड्यात सासूबाई माझ्याशी नेहमीसारख्याच वागल्या होत्या. उलट मी चहा पातळ केला म्हणून बोलल्याही होत्या. मला कुठे माहीत की त्यांनी तेव्हाच देवासमोर उभं राहून नुसत्या दुधावरचा गुरुवार बोलून टाकला होता. आणि तेव्हापासून दर गुरुवारी माझ्या नावाने स्वतःची गोळी बाजूला ठेवत होत्या. आकडा वर जायला लागला तो त्यानंतरच.

मी भर बाजारात ओरडले. "तुम्ही गेलात तर माझी तब्येत घेऊन मी काय चाटत बसू? मला तुम्ही पाहिजे आहात. कळतंय का तुम्हाला? मला तुम्ही पाहिजे."

रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "त्याला मराठी येतं." पण माझा हात त्यांनी धरला तो काचीगुडा येईपर्यंत सोडला नाही.

घरी आल्यावरही त्या गुरुवार सोडेनात. देवाला शब्द दिलाय, मध्येच मोडला आणि तुला काही झालं तर, एवढंच त्यांचं म्हणणं. नवऱ्याने समजावून बघितलं, त्यांच्या बहिणीने फोनवर समजावलं. शेवटी मी म्हटलं, "मोडू नका. मला द्या. सासूचे उपास सुनेला घेता येतात ना?"

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुझ्यानं होणार नाही. अकरा वाजले की तुझं डोकं फिरतंय."

"फिरू दे."

गुरुवारी सकाळी त्यांनी मला आंघोळ करून देवासमोर बसवलं. माझ्या हातावर सुपारी ठेवली, पाणी सोडलं. मी म्हटलं, मी माझ्यासाठी उपाशी राहणार नाही, तुमच्यासाठी राहीन. त्या म्हणाल्या, असं मधेच नाव बदलता येत नाही. मी उठायला लागले. मग म्हणाल्या, बरं, दोघींचं म्हण. मी दोघींचं म्हटलं.

तीन महिन्यांनी आकडा उतरला. त्यानंतरच्या वेळी आणखी उतरला, इतका की डॉक्टरांनी सासूबाईंना मिठाई मागितली. सासूबाई आता साऱ्या नात्यात सांगतात की सुनेच्या गुरुवाराने गुण आला. मी वर्गात खाच, प्रोटीन आणि रोज न चुकता गोळी, हे शिकवते. एकदा मी म्हटलं, आई, आता झालं ना चांगलं, करू या का माझ्या गुरुवाराचं उद्यापन? त्यांनी मटार सोलता सोलता सांगितलं, "कर की. मग माझा मी परत घेते." त्यानंतर मी तो विषय काढलेला नाही.

गुरुवारी मला सकाळचेच तास असतात. एक वाजेपर्यंत मी घरी येते आणि सासूबाईंना वाढते. भात, वरण, अंबाडीची भाजी, वर तूप. त्या सावकाश जेवतात, मध्येच मीठ कमी आहे म्हणून सांगतात, जे मला चाखून बघता येत नाही. मग गोळी घेतात, मोठा पेला भरून पाणी पितात आणि रिकामा पेला माझ्यासमोर उलटा करून दाखवतात. माझ्या पोटात कावळे ओरडत असतात. समोर त्या दुसऱ्यांदा भात मागतात, आणि मी त्यांना हवा तेवढा वाढते.